निळ्या गाडीवरचं पांढरं पीठ

सोमवार, ३ मार्च

आजपासून लिहायला घेतोय, कारण घरात काहीतरी शिजतंय आणि ते गॅसवर नाही.

ही डायरी मुलीने दिलेली. "बाबा, रोज चार ओळी लिहा, डोक्याला बरं असतं," म्हणाली होती. माझ्या डोक्याला काही झालेलं नाही, म्हणून कोरीच ठेवली होती. आता मात्र नोंद ठेवायला हवी.

सकाळी उशिराच उठलो. डॉक्टरच्या गोळ्यांनी झोप अशी लागते की कोणी घर उचलून नेलं तरी कळू नये. तोवर ही व्यायामाच्या वर्गाहून परत आलेली असते. चहा घेऊन खाली गाडी बघायला गेलो. मला चालवायची मनाई आहे, बघायची नाही. गेल्या वर्षी जिन्यात पडलो तेव्हापासूनची ही मनाई. डॉक्टर म्हणतो फीट आली, मी म्हणतो चक्कर आली. पडलो मी, पण निदान त्याचं. त्याने "मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही" म्हटलं आणि हिने त्याच संध्याकाळी किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. जणू वाटच बघत होती.

तर गाडी. तिच्या आच्छादनाची दोरी मी डाव्या चाकाजवळ बांधतो, सरकती गाठ मारून. आज ती उजवीकडे होती, आणि तीही वेणीला रिबिन बांधावी तशी, फूल काढून. आच्छादन वर केलं. उभ्या गाडीवर धूळ हवी, पक्ष्यांची मेहेरबानी हवी. ही तर बोहल्यावर उभी राहिल्यासारखी चकाकत होती. निळ्या रंगात माझा चेहरा दिसला, आणि तो मला आवडला नाही.

हिला विचारलं, "गाडीला कोणी हात लावला का?"

"वॉचमनने पुसली असेल," म्हणाली, माझ्याकडे न बघता.

तो वॉचमन स्वतःचा चष्मा पुसत नाही.

माझी सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. बाजारातून चालताना दुकानदार हसला की मी आधी त्याच्या तराजूच्या पारड्याखाली हात घालायचो. बहुतेक वेळा तिथे चोरून चिकटवलेला पासंग सापडायचा. आज ही माझ्याकडे बघून दोनदा हसली.

बुधवार, ५ मार्च

पुरावा सापडला. गाडीच्या दाराच्या हँडलमागे जी खोबण असते, तिच्यात पांढरी पूड. तशीच काचेच्या रबराच्या कडेला आणि मागच्या नंबरपाटीच्या फटीत. बोटात चोळली तर कुरकुर वाजली. कागदाच्या पुडीत भरून कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे नेली.

तो भला माणूस आहे. त्याने हुंगली, जिभेला लावली. मी म्हटलं, "अहो, विष असलं तर?"

"हे विष असेल तर माझी बायको मला रोज देते," तो म्हणाला. "मक्याचं पीठ आहे. कॉर्नफ्लॉवर. सूप घट्ट करायला घालतात."

पुढचं संभाषण नीट लक्षात नाही. दुकानात गर्दी झाली असावी, कारण मी बघतो तर त्याने मला काउंटरच्या आत खुर्चीवर बसवलेलं, कोपर धरलेलं आणि हातात पाण्याचा ग्लास. माझी छत्री खाली पडली होती, तीही त्याने उचलून ठेवली. हल्ली एवढी अदब कुठे बघायला मिळते? पण "घरी फोन करू का?" असं त्याने तीन-तीनदा का विचारावं? त्याला आमच्या घरच्या फोनशी काय करायचंय?

म्हणजे कोणीतरी माझ्या गाडीवर सूपाचं पीठ टाकतंय. का, ते शोधायचं.

गुरुवार, ६ मार्च

ही भाजी आणायला गेल्यावर स्वयंपाकघराची तपासणी केली. कॉर्नफ्लॉवरचा डबा जवळजवळ रिकामा. त्यामागे नवीन पुडा, फोडलेला. आमच्या घरी सूप होतं ते कोणी आजारी पडलं तर.

संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज सूप करतेस का? घट्टसर?"

ही चपापली. "सूप? तुम्हाला तर आवडत नाही."

"मग हे पीठ कोण खातं?"

"झुरळं झाली होती," म्हणाली, आणि ताबडतोब सूप करायला लागली. इतकं घट्ट केलं की चमचा उभा राहिला. मी सगळं संपवलं. तपासात कष्ट पडतातच.

एक नोंद: हिचा पाय दुखतो. तेल चोळत बसली होती. फक्त डावा. हा कसला व्यायाम, जो एकाच पायाला होतो?

रविवार, ९ मार्च

मुलगी आणि जावई जेवायला आले.

जावयाविषयी थोडं लिहायला हवं. तो लाउडस्पीकर भाड्याने देतो. मुलगी शाळेत गणित शिकवते. इतकी हुशार पोर, आणि शाळेच्या कार्यक्रमात माइक लावायला आलेल्या माणसाशी लग्न करून मोकळी झाली. मी तोंडावर त्याला जावईबापू म्हणतो, मनात भोंगा. गंमत म्हणजे हा भोंगा बोलतो इतकं हळू की कानामागे हात धरावा लागतो. उंचीने माझ्या खांद्याला येतो. ही आणि तो शेजारी उभे राहिले की एका मापाचे वाटतात. संध्याकाळी त्याचा धंदा सुरू होतो, म्हणजे सकाळ मोकळी. बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी माझ्यादेखत तो दार उघडून, बाहेर उभा राहूनच, गाडी जागच्या जागी सुरू करतो. आज सुरू करताना मी त्याच्याकडे बघत होतो. त्याच्या गडद विजारीच्या खिशाला पांढरा डाग होता.

"हे काय लागलंय?" मी विचारलं.

त्याने झटकलं. "खडू असेल, बाबा."

"शिकवते ती. तुम्ही नाही."

त्याने हिच्याकडे पाहिलं. हिने त्याच्याकडे पाहिलं. मी दोघांकडे पाहिलं.

जेवताना हिचा आणखी एक नवा चाळा लक्षात आला. खुर्ची मागे सरकवायच्या आधी ही डाव्या खांद्यावरून मागे बघते, मग उजव्या. मागे भिंत आहे. विचारलं तर म्हणाली, "मानेचा व्यायाम." मुलीला ठसका लागला. जावई ताटात बघत राहिला. माझ्याच घरात माझ्याखेरीज सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे.

बुधवार, १२ मार्च

आज छडा लागला.

दुपारी ही झोपली असताना गाडी इंच इंच तपासली. डाव्या बाजूच्या मागच्या दारावर ओरखडा आहे. चोळून चोळून पुसट केलाय, कोणाला दिसणार नाही असा, पण उन्हात तिरकं बघितलं की दिसतो. तिथे पॉलिशचा वास येतो आणि कडेला तेच पीठ. म्हणजे गाडी कुठेतरी घासते, मग पॉलिश लावून ती जागा झाकतात आणि वर आलेला पॉलिशचा चिकट थर कोरड्या पिठाने पुसून काढतात. पिठाचं कोडं सुटलं.

गाडीची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. जुन्या बुटांच्या खोक्यात ठेवली होती. हिला पत्ता नाही. किल्लीने दार उघडून आत बसलो, म्हणजे बसायचा प्रयत्न केला. गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट पुढे ओढलेली, मागे एक उशी, आणि आरसा असा वळवलेला की मला त्यात माझी हनुवटी दिसली.

माझ्या ओळखीत इतका बुटका आणि सकाळी मोकळा असलेला माणूस एकच.

तो माझ्या गाडीतून भोंगे वाहतोय. ही त्याला किल्ली देते, पीठ देते आणि गप्प बसते, कारण लेकीच्या संसाराचा प्रश्न. आईचं काळीज म्हणून हिला मी माफ करू शकतो. त्याला नाही.

शुक्रवार, १४ मार्च

वॉचमनलाच गाठलं. तो म्हणाला, "साहेब, मी काही बघितलं नाही." म्हटलं, "काय बघितलं नाहीस?" तेव्हा तो गडबडला आणि

वरचं वाक्य अर्धवट कसं राहिलं कळत नाही. पेन जमिनीवर होतं आणि शेवटच्या अक्षरापासून एक रेघ पानाच्या कडेपर्यंत गेलेली. चहावर साय धरली होती. ही दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. "काय बघतेस?" म्हटलं. "काही नाही," म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत आत गेली. कांदा चिरत असावी.

रविवार, १६ मार्च

आज सगळं बोललो.

जेवणं अर्धी झाल्यावर चमचा खाली ठेवला. म्हटलं, "जावईबापू, माझी गाडी तुम्ही वापरता."

त्याचा घास हातातच राहिला.

"अहो, काय बोलताय हे?" ही म्हणाली.

"पोकळ आरोप करायची मला सवय नाही. सीट पुढे ओढलेली आहे. दारावर ओरखडा आहे. तो झाकायला माझ्याच घरातलं पीठ वापरलंय. गेल्या रविवारी ते यांच्या खिशाला होतं."

"बाबा, जरा ऐका," मुलगी म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

ही उठून उभी राहिली. यावेळी मागे-बिगे काही बघितलं नाही, खुर्ची आडवी झाली. चेहरा लाल झालेला. "तुम्हाला कळायलाच हवं ना? मग ऐका, गाडी—"

"आई, राहू द्या," जावई म्हणाला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदा मला स्पष्ट ऐकू आला. "बसा तुम्ही." मग माझ्याकडे वळून, "हो बाबा. मीच नेत होतो. चुकलं माझं."

"कशासाठी?"

त्याला क्षणभर विचार करावा लागला. "स्पीकर न्यायला."

मला वाटलं होतं तसंच. म्हटलं, "उद्यापासून माझ्या घराची पायरी चढायची नाही."

मुलीने हात धुतले, ओढणी घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला." दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने ते हळूच लावून घेतलं. ही ताटावर तशीच बसून राहिली.

सत्य बाहेर आलं. माझं ताट मात्र मी अर्धंच उचलून ठेवलं.

मंगळवार, १८ मार्च

घर सुनं सुनं. मुलीचा फोन नाही. ही कामापुरतं बोलते: गोळी घेतलीत का, पाणी तापलंय. सकाळी लवकर जागा झालो तर ही घरातच.

"व्यायामाचा वर्ग नाही का आज?"

"शिकवणारे येत नाहीत आता."

"बरं झालं. पाय तरी दुखायचा थांबेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्तमानपत्र वर धरलं.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. खोट्या मापांचे व्यापारी मी हजारांनी पकडले. जो खरा लबाड असायचा तो आधी हुज्जत घालायचा, मग साहेबांची ओळख सांगायचा, मग रडायचा. सरळ "चुकलं" म्हणणारा भेटला की समजावं, दुकान भावाचं किंवा बापाचं आहे आणि हा त्याला वाचवतोय. भोंग्याने इतकी सहज कबुली का दिली? तो कोणाला वाचवतोय?

मुलीला. ती नेत असणार. पण ती तर उंच आहे, माझ्यावर गेलेली.

शुक्रवार, २१ मार्च

आजचं सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी ही बँकेत गेली. मी ठरवलं, पुरे झालं हे सगळं. मला काही झालेलं नाही. आपली गाडी आपण काढायची, मुलीच्या घरापर्यंत जायचं, तिला चार गोष्टी समजावायच्या आणि परत यायचं. म्हणजे सगळ्यांचीच तोंडं बंद. बुटांच्या खोक्यातून किल्ली घेतली. सीट मागे केली, उशी मागच्या सीटवर टाकली, आरसा नीट केला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. गाडी चालवायला माणूस विसरत नाही. मी सावकाश फाटकाकडे निघालो.

फाटकाच्या खांबाजवळ तळमजल्यावरच्या आजी उन्हाला बसतात. वेताची खुर्ची, मांडीवर लोकर. सगळ्या इमारतीला त्यांनी मोजे विणून दिलेत, मलासुद्धा.

गाडी खांबावर आदळली. खुर्चीचा चुराडा झाला.

खुर्चीत कोणी नव्हतं. आजी चष्मा आणायला आत गेल्या होत्या. त्या दारात उभ्या होत्या, चष्मा हातात, आणि त्यांची लोकर माझ्या पुढच्या चाकात गुंडाळली गेली होती.

ब्रेकमध्ये कोणीतरी हात घातला असणार. असं मी तिथे जमलेल्यांना सांगितलं. वॉचमन मान हलवत राहिला. वरच्या मजल्यावरचे दोघं-तिघं जिन्यात उभे. इतक्यात ही आली. बँकेची पिशवी हातात. तिने खांब पाहिला, खुर्ची पाहिली, आजींकडे गेली, त्यांना आधी पायरीवर बसवलं. मग माझ्याजवळ आली. मी खाली उतरून दाराला धरून उभा होतो. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलणार.

"लागलं का कुठे?"

"नाही. ब्रेक—"

"बाजूला व्हा."

मी बाजूला झालो. ही गाडीत बसली. सीट पुढे ओढली, खालची कळ न शोधता, सवयीने. मागे हात घालून उशी घेतली आणि पाठीशी ठेवली. आरसा वळवला. डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, उजव्या खांद्यावरून पाहिलं, आणि गाडी मागे घेतली. खांबापासून सरळ, दोन्ही बाजूंच्या गाड्यांच्या मधून, आपल्या जागेवर, एका दमात. माझ्याने कधी एका दमात गेली नाही ती.

उतरून तिने दार लावलं आणि आजींची लोकर चाकातून सोडवत बसली.

मी तिथेच उभा होतो. वॉचमन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, बाईसाहेबांनी कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती."

शनिवार, २२ मार्च

सकाळी चहा पिताना मीच विषय काढला.

"कधीपासून?"

"थंडीपासून. रोज सकाळी तुम्ही झोपलेले असायचात तेव्हा. शिकाऊ परवाना काढला, मग जावईबापूंनी शिकवलं. क्लच दाबून दाबून डावा पाय दुखायचा."

"आणि पीठ?"

"मी दोनदा भिंतीला घासली. त्यांनी पॉलिश आणलं. वरचं पॉलिश निघत नव्हतं, म्हणून ते म्हणाले, आई, घरात मक्याचं पीठ आहे का? मऊ फडक्यावर घेऊन कोरडंच चोळायचं. मग गाडी उजळली आणि आम्हाला बरं वाटलं. तुमच्या गाडीची तुम्हाला काळजी, म्हणून सगळ्याच गाडीला केलं." मग म्हणाली, "पॉलिश-पिठाने ओरखडा जातो. कालचा पोचा जाणार नाही."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी विकून टाकली असती. किंवा शेजारी बसून शिकवायला आला असतात. त्यापेक्षा विकलेली परवडली."

ते खरं होतं.

ती कप विसळायला उठली आणि माझ्याकडे पाठ करून बोलत राहिली. "तुम्ही जिन्यात पडलात त्या दिवशी तुमच्या तोंडातून फेस येत होता. मी खाली धावले. गाडी समोर उभी, किल्ली माझ्या हातात. आणि मी रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करतेय. कोणी थांबेना. किती वेळ गेला कोण जाणे. किल्ली इतकी घट्ट धरली होती की तळहातात रुतली." तिने नळ बंद केला. "परत तसं उभं राहायचं नव्हतं मला."

मी म्हणालो, "ती चक्कर होती." सवयीने म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "काल ब्रेक दाबल्याचं आठवतं तुम्हाला?"

"आठवतं ना."

हे पान कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला ते आठवत नाही. फाटक आठवतं. मग खांब आठवतो. मधलं काही नाही. ब्रेकवर संशय घेत मी रात्र काढली, कारण दुसरा ज्याच्यावर घ्यायला हवा होता त्याला तपासायची माझी हिंमत नव्हती.

सोमवार, २४ मार्च

आजींना नवी खुर्ची नेऊन दिली. त्या म्हणाल्या, "चष्म्याने वाचवलं हो मला." हसत म्हणाल्या. मला तिथे उभं राहवेना.

मग दोघं रिक्षाने जावयाच्या गोदामात गेलो. भिंतीला लागून स्पीकरच्या पेट्या, वायरींची वेटोळी. तो एका पेटीचा पडदा बदलत होता. मला बघून उठला, हात पुसले आणि बसायला एक पेटी पुढे केली.

येताना मनात सगळं जुळवून आणलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "खोटं का बोललात?"

"आईंची परीक्षा जवळ आली होती. तेव्हा कळलं असतं तर तुम्ही होऊ दिली नसती."

"मी तुम्हाला घराबाहेर काढलं."

"हो."

"चूक माझी होती."

त्याने मान पुढे केली आणि म्हणाला, "बाबा, जरा मोठ्याने बोला. या धंद्यात माझे कान गेलेत, एका बाजूने कमीच ऐकू येतं."

इतकी वर्षं हा हळू बोलतो म्हणून मी त्याला हसलो, आणि माझ्या लक्षात आलं नाही की हा स्वतःचा आवाज नीट ऐकतच नाही. मोठ्याने म्हटलं, "चूक माझी होती." पलीकडच्या दुकानातला माणूस वळून बघू लागला. जावयाने हिच्याकडे पाहिलं. "आई, उद्या सकाळी सरावाला निघायचं का?"

गुरुवार, ३ एप्रिल

हिला परवाना मिळाला. मुलगी आली होती. माझ्याशी दोन वाक्यं बोलली, त्यातलं एक "येते" हे होतं. हळूहळू होईल.

मंगळवार, ८ एप्रिल

आज डॉक्टरची तारीख. गाडीने गेलो. पोचा काढून आणलाय, पण तिथला रंग थोडा वेगळा दिसतो. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. या बाजूने रस्ता निराळाच दिसतो, सगळं आपल्याच अंगावर येतंय असं वाटतं. ही इतकी वर्षं इथे बसून एकदाही ओरडली नाही.

चढावर, सिग्नलजवळ, गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. माझा हात हँडब्रेककडे निघाला होता. तो मी परत मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताखाली दाबला. हिने ओठ मुडपले, किल्ली फिरवली, गाडी थोडी मागे गेली, मग धरली आणि वर चढली.

डॉक्टरने रक्तदाब घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि दर वेळचाच प्रश्न विचारला. "मध्ये कधी काही त्रास? भान हरपल्यासारखं, क्षणभर कुठे आहोत ते न कळल्यासारखं?"

दर वेळी मी "काही नाही" म्हणतो. आजही तेच जिभेवर आलं होतं. "हो" म्हटलं की गाडी कायमची गेली, हे मला ठाऊक होतं. मी हिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, ही सांगून टाकेल. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पान वाचत बसली, जणू ते उत्तर तिचं नव्हतंच.

"हो," मी म्हणालो.

डॉक्टरने पेनाचं टोपण काढलं. "किती वेळा? साधारण सांगा."

"ते मला नाही सांगता येणार," मी म्हणालो. "मी तेव्हा तिथे नसतो. हिला विचारा."

हिने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली.